मूळ गावाचे नाव सापडेपर्यंत: अमेरिकेतील जर्मन शेतकरी घराण्याचा शोध कसा घ्यावा

माझ्या मुलीचे सासर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, गेज काउंटीत आहे. तिच्या सासऱ्यांच्या घराण्यातील पहिला शेतकरी जर्मनीच्या वायव्य टोकाकडील ऑस्टफ्रीझलँड या सखल, दलदलीच्या प्रदेशातून आला होता, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. नातवंडांसाठी आमच्या बाजूची वंशावळ लिहून झाली, तेव्हा दुसरी बाजू कोरी ठेवणे मला बरे वाटले नाही. एक पत्र्याचा डबा, त्यातले जर्मन बायबल, जमिनीचा एक दस्त आणि मागे नावे न लिहिलेली काही छायाचित्रे एवढ्या ऐवजावर तो शोध सुरू झाला. त्या शोधात जे हाती लागले आणि जिथे वाट चुकली, त्यावरून हे मार्गदर्शन लिहीत आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत आता अशी दुहेरी मुळे असलेली मुले वाढत आहेत, त्यांच्या आजी-आजोबांना याचा उपयोग व्हावा.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. 1871 पूर्वी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते, आणि जन्म, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदी कोणत्याही एका मध्यवर्ती कार्यालयात नाहीत. त्या ज्या-त्या गावच्या चर्चच्या वहीत आहेत. त्यामुळे पूर्वजाच्या मूळ गावाचे नाव कळल्याशिवाय जर्मनीतले कोणतेही दप्तर उघडून उपयोग होत नाही, आणि ते नाव बहुतेक वेळा जर्मनीत नव्हे तर अमेरिकेतल्याच एखाद्या कागदावर सापडते. म्हणून उतावीळपणे जर्मन नोंदींत शिरण्यापूर्वी अमेरिकेतले कागद शेवटच्या पानापर्यंत संपवावेत, हा माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला आहे.

सुरुवात घरापासून

घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीशी निवांत बोलावे. कोण काय म्हणाले आणि कोणत्या तारखेला म्हणाले, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. बायबलच्या पहिल्या पानांवरील जन्म-मृत्यूच्या नोंदी, बाप्तिस्म्याचे सजवलेले दाखले, जुन्या पाकिटांवरील टपालाचे शिक्के आणि छायाचित्रांच्या पुठ्ठ्यावरील स्टुडिओचे नाव या सर्वांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कौटुंबिक कथा ऐकाव्यात, पण त्यांना पुरावा मानू नये. “एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर) आमचे आडनाव बदलले” ही कथा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. प्रत्यक्षात एलिस आयलंड 1 जानेवारी 1892 रोजी सुरू झाले आणि मध्यपश्चिमेतील बहुतेक जर्मन शेतकरी त्याआधीच येऊन पोचले होते. न्यूयॉर्कला उतरलेल्यांपैकी पुष्कळजण 1855 ते 1890 या काळात कॅसल गार्डन या तिथल्या आधीच्या केंद्रातून गेले. शिवाय प्रवाशांची यादी निघण्याच्या बंदरात तयार होत असे आणि अमेरिकेतील अधिकारी तीच यादी समोर ठेवून विचारपूस करीत. आडनावे बदलली ती पुढे शेजारात, शाळेत आणि कचेऱ्यांत: म्युलरचा मिलर झाला, श्मिटचा स्मिथ झाला, येगरचा यिगर झाला.

जनगणना

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिचे तपशील 72 वर्षांनी खुले होतात, त्यामुळे आज 1950 पर्यंतच्या याद्या पाहता येतात. नव्या यादीपासून मागे मागे जात राहावे. 1900 ची यादी विशेष मोलाची आहे, कारण तीत जन्माचा महिना व वर्ष, अमेरिकेत आल्याचे वर्ष, लग्नाला झालेली वर्षे आणि आईला किती मुले झाली व त्यांतली किती हयात आहेत, हे सारे विचारलेले आहे. 1890 ची यादी 1921 च्या आगीनंतर जवळपास संपूर्ण नष्ट झाली. नेब्रास्कापुरती ती उणीव 1885 च्या राज्य जनगणनेने बरीच भरून निघते.

जन्मस्थानाच्या रकान्याने मात्र गोंधळून जाऊ नये. ऑस्टफ्रीझलँड 1815 पासून हॅनोवर राज्यात होते आणि 1866 मध्ये ते प्रशियाकडे गेले. त्यामुळे एकाच माणसाचे जन्मस्थान एका यादीत हॅनोवर, पुढच्या यादीत प्रशिया आणि त्यापुढच्या यादीत जर्मनी असे लिहिलेले आढळते. ही तीन वेगळी माणसे नव्हेत. उलट, ज्या जुन्या यादीत हॅनोवर, मेक्लेनबुर्ग किंवा होल्स्टाइन असे प्रदेशाचे नाव आले असेल, तीच यादी शोधाचे क्षेत्र अधिक आवळून देते.

जमिनीची फाइल

शेतकरी घराण्याच्या शोधात जमिनीचे कागद हेच सर्वांत बोलके असतात, आणि हौशी संशोधक नेमके तेच अर्धवट सोडतात. 20 मे 1862 रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि तो 1 जानेवारी 1863 पासून अमलात आला. 160 एकर सरकारी जमीन घ्यायची, पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, घर बांधायचे आणि मग दोन साक्षीदारांसह पुरावा देऊन मालकी मिळवायची, अशी ती योजना होती. परदेशी माणसालाही दावा दाखल करता येत असे, मात्र त्याने नागरिक होण्याचा इरादा आधी लेखी जाहीर केलेला असावा लागे. या कायद्याखालील पहिल्या दाव्यांपैकी एक बिॲट्रिस गावाजवळचा, म्हणजे याच गेज काउंटीतला आहे आणि तिथे आज होमस्टेडचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे.

मालकीचा जो अंतिम दस्त मिळे त्याला पेटंट म्हणतात. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर नाव, राज्य आणि काउंटी घालून तो विनामूल्य शोधता येतो. बहुतेक लोक त्याची छापील प्रत काढून चौकटीत लावतात आणि तिथेच थांबतात. पण पेटंट म्हणजे शेवटचे एक पान, त्यामागची संपूर्ण फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात असते. नेब्रास्काच्या होमस्टेड फायलींचे डिजिटल रूपही तयार झालेले आहे. पेटंटवरील दस्त क्रमांक, लँड ऑफिसचे नाव आणि जमिनीचे वर्णन हे तीन तपशील उतरवून घेतले की फाइल मागवता येते. जमिनीचे वर्णन प्रथमदर्शनी क्लिष्ट वाटते, पण त्याची रीत सोपी आहे. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा आणि त्याचा चौथा भाग म्हणजे 160 एकर. आपल्याकडे गट क्रमांकावरून शेत नकाशावर दाखवता येते, तसेच या वर्णनावरून ते शेत आजच्या नकाशावर अचूक ठेवता येते.

आमची फाइल उघडली तेव्हा दावेदाराच्या जबानीचा छापील नमुना पुढे आला, त्यातली उत्तरे काळ्या शाईने भरलेली होती. घर गवताळ मातीच्या ढेकळांचे, चौदा फूट रुंद आणि वीस फूट लांब, एक दार आणि दोन खिडक्या. गोठा, विहीर, धान्याची कणगी. किती एकर नांगरली, किती हंगाम पीक घेतले, घरात बायको व मुले किती, जमीन सोडून कुठे आणि का गेला होता, या प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर होते. 1874 च्या टोळधाडीने त्या भागातील पिके फस्त केल्यानंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दावेदारांना काही काळ जमिनीबाहेर राहण्याची सवलत दिली होती, त्यामुळे त्या वर्षांतील गैरहजेरीची कारणेही अशा फायलींत वाचायला मिळतात. जबानीखाली सही होती, आणि ती सही थरथरत्या पण स्पष्ट जर्मन वळणाची होती. घरातल्या कोणीही त्याचे अक्षर तोपर्यंत पाहिलेले नव्हते.

या फायलीत बहुधा नागरिकत्वाच्या कागदाची प्रमाणित प्रतही असते, त्यामुळे पुढचे न्यायालय कोणते तपासायचे ते आपोआप कळते. मालकी न मिळता रद्द झालेल्या दाव्यांच्याही फायली झालेल्या आहेत, पण त्या पेटंटच्या शोधयादीत दिसत नाहीत. नाव तिथे नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असा निष्कर्ष काढू नये. तसेच अनेकांनी होमस्टेडऐवजी रेल्वे कंपनीची जमीन विकत घेतली. ते खरेदीखत काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या कार्यालयात पाहावे.

साक्षीदार म्हणजे शेजारी, शेजारी म्हणजे गाववाले

फाइलीतील साक्षीदारांची नावे वगळून पुढे जाऊ नये. ही माणसे एकेकटी आली नव्हती. आधी एक भाऊ यायचा, मग मेहुणा, मग त्याच गल्लीतली दोन-तीन घरे. ऑस्टफ्रीझलँडचे शेतकरी बहुधा प्रथम इलिनॉयमध्ये थांबत, तिथून आयोवातील ग्रंडी काउंटीकडे आणि पुढे स्वस्त जमिनीच्या शोधात नेब्रास्काकडे सरकत. आपल्या पूर्वजाच्या मूळ गावाचा पत्ता लागत नसेल तर साक्षीदारांच्या, शेजारच्या शेतमालकांच्या आणि मुलांच्या बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या धर्ममातापित्यांच्या गावांचा शोध घ्यावा. पत्नीच्या बाजूनेही शोधावे, आणि तेही नंतर कधीतरी म्हणून नव्हे तर पहिल्यापासून. जर्मन चर्चच्या नोंदींत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव आवर्जून लिहिले जाते, त्यामुळे अमेरिकन कागदांवर केवळ “मिसेस” म्हणून उरलेली बाई तिथे आपल्या आई-वडिलांसकट सापडते. आम्हाला गाव सापडले ते खापरपणजीच्या धाकट्या बहिणीमुळे.

ते सापडले कुठे, तर शेतांच्या मध्यावर उभ्या असलेल्या एका छोट्या लुथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चच्या वहीत. अशा ग्रामीण जर्मन मंडळ्यांचे पाद्री दफनाच्या नोंदीत जन्मगावासकट सर्व तपशील लिहीत, हा अनुभव अनेकांचा आहे. चर्च अजून चालू असेल तर त्याच्या कार्यालयाला नम्र पत्र लिहावे, बंद झाले असेल तर वह्या त्या पंथाच्या अभिलेखागारात गेल्या आहेत का ते विचारावे. त्याच वेळी जर्मन भाषेतील वृत्तपत्रांतले मृत्युलेखही पाहावेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिका या संग्रहात अशी बरीच पत्रे आहेत. ऑस्टफ्रीझलँडच्या लोकांसाठी आयोवातील ब्रेडा गावातून 1882 पासून ‘ऑस्टफ्रीझिशे नाखरिख्टेन’ हे पत्र निघत असे. गावोगावच्या वाचकांची पत्रे आणि निधनवार्ता त्यात असत, म्हणून विखुरलेली घराणी जोडण्यासाठी ते अमोल आहे.

चर्चच्या या वह्यांची भाषा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकाएकी बदललेली दिसते. जर्मनविरोधी लाटेत नेब्रास्काने 1919 मध्ये आठवीपर्यंतच्या मुलांना इंग्रजीखेरीज अन्य भाषा शिकवण्यावर बंदी घातली. त्याच राज्यातील हॅम्प्टन गावाजवळच्या लुथरन शाळेतले शिक्षक रॉबर्ट मायर यांच्यावर दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल खटला झाला, आणि 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एकाच माणसाचे नाव 1915 च्या नोंदीत हाइनरिश आणि 1920 च्या नोंदीत हेन्री असू शकते, म्हणून दोन्ही रूपांनी शोध घ्यावा. आपल्या आजीने मुलांशी जर्मन बोलणे का सोडले, याचे उत्तरही अनेक घरांना इथेच मिळते.

नागरिकत्वाचे कागद आणि जहाजांच्या याद्या

27 सप्टेंबर 1906 पूर्वी नागरिकत्वाचा अर्ज कोणत्याही न्यायालयात देता येत असे आणि त्यात गावाचे नाव क्वचितच लिहिले जाई. त्यानंतरचे अर्ज सविस्तर आहेत. पत्नीला 1922 पर्यंत पतीबरोबरच नागरिकत्व मिळत असल्याने तिचा स्वतंत्र अर्ज शोधत बसू नये.

जहाजांच्या याद्यांचे आकर्षण मोठे असते, पण त्यांच्यामागे फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. हॅम्बर्गच्या 1850 ते 1934 च्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवाशाचे राहण्याचे ठिकाण दिलेले असते, ती सुदैवाची गोष्ट. ऑस्टफ्रीझलँडचे लोक मात्र जवळचे बंदर म्हणून बहुधा ब्रेमेनहून निघाले. ब्रेमेनच्या जुन्या याद्या काही जागेअभावी आणि उरलेल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. अमेरिकेत उतरतानाच्या याद्या उपलब्ध आहेत, परंतु एकोणिसाव्या शतकातील अशा बहुतेक याद्यांत केवळ देशाचे नाव आढळते. न्यूयॉर्कला नाव मिळाले नाही तर बाल्टिमोर आणि न्यू ऑर्लीन्स ही बंदरेही तपासावीत.

आडनावांची गाठ

ऑस्टफ्रीझलँडमध्ये पूर्वी कायमचे आडनाव नसे. वडिलांचे नाव हेच मुलाचे दुसरे नाव. यान हार्म्सचा मुलगा हार्म यान्सेन आणि त्याचा मुलगा पुन्हा यान हार्म्स. वडिलांचे नाव मधे लावण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ही रीत चटकन समजेल, अमेरिकन वारसांना मात्र ती समजावून सांगावी लागते. 1811 मध्ये नेपोलियनच्या राजवटीत कायमची आडनावे घेण्याचा हुकूम झाला, तरी जुनी सवय त्यानंतरही काही काळ चालू राहिली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव, हा प्रघातही तिथे होता. नावे अशी फिरून फिरून येत असल्याने एकाच खेड्यात एका पिढीत त्याच नावाचे चार चुलतभाऊ असणे स्वाभाविक होते. म्हणून केवळ नाव आणि अंदाजे वय जुळले म्हणून माणूस आपला मानू नये. पत्नी, भावंडे आणि जन्मतारीख यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. मी स्वतः एका यान्सेनच्या मागे कित्येक महिने घालवले आणि अखेरीस तो लहानपणीच वारल्याची नोंद त्याच वहीत पुढे सापडली. तेव्हापासून जन्माची नोंद मिळाली की मृत्यूची पानेही लगेच चाळण्याची शिस्त मी लावून घेतली आहे.

जर्मनीतील वह्या

गावाचे नाव हाती आले की ते ‘मायर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1912 च्या भौगोलिक कोशात पाहावे. जर्मन साम्राज्यातील सुमारे 2,10,000 स्थळे त्यात आहेत आणि तो आता शोधण्याजोग्या स्वरूपात इंटरनेटवर मिळतो. एकाच नावाची अनेक गावे असतात, त्यामुळे जिल्हा जुळवून घ्यावा आणि त्या खेड्याचे चर्च कोणत्या गावात होते ते पाहावे. प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्खिओन हे सशुल्क संकेतस्थळ आहे, कॅथलिक वह्यांसाठी मात्रिकुला विनामूल्य आहे आणि फॅमिलीसर्चवरही पुष्कळ सामग्री विनामूल्य मिळते. प्रशियात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि साऱ्या साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून सुरू झाली, तोपर्यंत चर्चच्या वह्यांवरच विसंबावे लागते. ऑस्टफ्रीझलँडच्या संशोधकाला आणखी एक आधार आहे. आउरिख येथील उप्स्टाल्सबूम संस्थेने अनेक गावांतील सर्व कुटुंबे क्रमवार लावून दिलेले कुलग्रंथ प्रसिद्ध केले आहेत. ते जरूर पाहावेत, पण मूळ नोंद पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

मूळ नोंदी कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतात. ज्याने मोडी शिकण्याची मेहनत घेतली आहे त्याला हा अनुभव ओळखीचा वाटेल: भाषा येत असूनही डोळ्यांना ओळ लागत नाही आणि मग एका रात्री अचानक शब्द सुटू लागतात. या लिपीतील लहान ‘ई’ हा ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’वर छोटी कमान काढलेली असते, ती पाहूनच तो ‘एन’पासून ओळखायचा. आपल्या घराण्याची आठ-दहा नावे या लिपीत स्वतः लिहून काढण्याचा सराव करावा, वाचन त्यानेच सुधारते. ट्रान्सक्रिबससारखी हस्ताक्षर वाचणारी संगणकीय साधने मदतीला घ्यावीत, पण नावे आणि तारखा स्वतःच्या डोळ्यांनी तपासाव्यात. एक सापळा विशेष सांगतो. नोंदीत सातचा आकडा आणि त्यापुढे ‘बेर’ असे आले तर तो जुलै नव्हे, तो सप्टेंबर. तसेच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर आणि दहा म्हणजे डिसेंबर.

नावापुढील व्यवसायाचा शब्द कधीही गाळू नये. हाउसमान म्हणजे मोठा शेतकरी, वार्फ्समान म्हणजे छोटे घर आणि थोडीशी जमीन असलेला, टागेलोनर म्हणजे रोजंदारीवरचा मजूर. कोलोनिस्ट हा शब्द आला तर तो परदेशातील वसाहतवाला नव्हे. 1765 मध्ये फ्रेडरिक दुसऱ्याच्या आज्ञेने ऑस्टफ्रीझलँडची दलदल लागवडीसाठी खुली झाली, तेव्हा तिथे चर खणून जमीन करणाऱ्या गरीब कुटुंबांना हे नाव मिळाले. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे हाच शब्द निघाला. नेब्रास्काची माती पहिल्यांदा नांगरणाऱ्या माणसाचे वाडवडीलही पाण्यातून जमीन काढणारेच होते, हे त्या एका शब्दाने आम्हाला कळले.

पूर्वज दुसऱ्या प्रदेशातील असेल तर रीत थोडी बदलते. वेस्टफालियात शेतमळ्याचे नाव मोठे असे, त्यामुळे मळ्याच्या वारसदार मुलीशी लग्न करणारा पुरुष त्या मळ्याचेच आडनाव घेई आणि नोंदीत दोन्ही नावांमध्ये ‘गेनान्ट’ (म्हणजे ‘या नावाने ओळखला जाणारा’) असा शब्द येई. मेक्लेनबुर्ग-श्वेरिनची 1819 ची जनगणना जन्मतारीख आणि जन्मस्थळ देते, ती तिथल्यांसाठी मोठीच सोय आहे. रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांचा मार्ग मात्र वेगळा. 1763 मधील कॅथरीन दुसरीच्या जाहीरनाम्यानंतर त्यांचे पूर्वज व्होल्गाकाठी वसले आणि 1870 च्या दशकात सवलती गेल्यावर व सैन्यभरती सक्तीची झाल्यावर त्यांचे वंशज अमेरिकेकडे वळले. त्यांच्यासाठी नेब्रास्कातील लिंकन शहरात मुख्यालय असलेल्या अमेरिकन हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ जर्मन्स फ्रॉम रशिया या संस्थेकडे आधी जावे.

जर्मनीतील मूळ गावी प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी चर्चच्या कार्यालयाला पत्र लिहून वेळ ठरवावी. जन्माच्या सरकारी नोंदी 110 वर्षांनी, विवाहाच्या 80 वर्षांनी आणि मृत्यूच्या 30 वर्षांनी सर्वांसाठी खुल्या होतात, त्याहून अलीकडच्या नोंदींसाठी नाते सिद्ध करणारे कागद सोबत न्यावेत. पणजोबांच्या आई-वडिलांचे थडगे मात्र तिथे शोधू नये. जर्मनीत दफनाची जागा ठरावीक वर्षांसाठीच मिळते आणि मुदत संपली की ती पुन्हा वापरली जाते. दगड टिकले आहेत ते अमेरिकेत, मक्याच्या शेतांच्या कडेला असलेल्या लहान दफनभूमींत. त्यांतले मऊ चुनखडीचे दगड पाऊस आणि बर्फ यांनी दर हिवाळ्यात झिजत असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे सर्वांत स्पष्ट उठून दिसतात, त्या वेळी जाऊन प्रत्येक दगडाचे छायाचित्र घ्यावे आणि शेजारच्या चार दगडांवरील नावेही उतरवून आणावीत.